समोरच्या खिडकीतली जादू

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला नवघरचं आमचं घर आठवतं. मी लहान होते, बाबांना जाऊन महिना झाला होता. टीव्हीवरच्या विसराळू जादूगाराने चुकीचा मंत्र म्हटला, एका मुलीचे पप्पा गायब झाले आणि नेमकी आमची लाइट गेली. आईने मेणबत्ती लावली. माझं ताट तसंच पडलेलं. समोरच्या विंगमधल्या गुजराती काकींची विजेची फेज वेगळी, म्हणून त्यांचा टीव्ही चालू होता. मी खिडकीतून ओरडले, "काकी, उसके पप्पा वापस आए क्या?" काकी खिडकीत येऊन म्हणाल्या, "आ गए बेटा. अब तू खाना खा ले." परवा तो भाग मोबाइलवर सापडला. त्यात पप्पा येतच नाहीत. जादूगार डोकं खाजवत बसतो आणि भाग संपतो. मी मात्र त्या संध्याकाळी ताट स्वच्छ केलं होतं.