खुणा केलेली लाकडं

आधीच सांगून टाकते, आमचं शहापूरचं ऑफिस दिसायला फार सुंदर झालं होतं. बाहेरगावची माणसं फोटो काढायची, टेबलावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "वा, जुना साग!" पुढे पुढे हे ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. पण पहिले काही महिने मी खुशाल मिरवत होते, खोटं कशाला बोलू?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुरबाड तालुक्यात एक धरण होत होतं, डोंगरातले पाडे पाण्याखाली जाणार होते. त्या लोकांना बदली प्लॉट मिळावेत म्हणून आमची संस्था सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होती. संस्था म्हणजे काय, तर मी, एक टाइपरायटर आणि वर्षातून दोनदा उगवणारे अध्यक्ष. ऑफिस म्हणजे बाजारामागची भाताची जुनी वखार.

त्या पाड्यांपैकी एका पाड्यावरचा एक म्हातारा होता. मी त्याला बाबा म्हणायची. पाणी चढायच्या आधी त्याने आपलं घर स्वतःच्या हाताने उतरवलं आणि खांब, तुळया, वासे असं सगळं टेम्पोत घालून आमच्या मागच्या पडवीत आणून रचलं. बायकोला उंबरमाळीला लेकीकडे ठेवलं.

"पलाट गावला का घर उभा करतो नि म्हातारीला घेऊन येतो," तो म्हणाला. "तवर लाकडं तुमच्याकडं, ताय."

"बाबा, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हटलं. मीच म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही.

पहिल्या वर्षी तो यायचा. लाकडं खालीवर करायचा, ताडपत्री झटकायचा, चहा पिऊन जायचा. मग येईनासा झाला. वीटभट्टीवर कामाला गेलाय असं कळलं. अर्ज आम्ही करतच होतो, पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर, पुढे काही हलेना.

इकडे ऑफिसची दशा बघवत नव्हती. वाळवीने टेबलं पोखरली होती. तहसील कचेरीतले एक साहेब आले असताना आमचं टेबल फायलींसकट त्यांच्या मांडीवर बसलं. मी हसू दाबता दाबता बेजार. अध्यक्ष म्हणाले, नवं फर्निचर घ्या. मला आला राग. गावोगाव झाडं तोडू नका म्हणून बोंबलायचं आणि स्वतः नवीन लाकूड आणायचं? मी हट्टच धरला की सगळं जुन्यातून करायचं. पाडलेल्या शाळेच्या खिडक्या मिळवल्या. रस्ता रुंद करताना तोडलेल्या दुकानांच्या फळ्या आणल्या. कुणाच्या तरी परसात पडलेल्या शहाबादी फरश्या मागून आणल्या. सापगावचा सुतार लावला. तो मन लावून काम करणारा, कमी बोलणारा माणूस.

सगळं जमलं, पण मोठं टेबल आणि फायलींचे रॅक यांना पुरेल असं लांब, जाड लाकूड काही मिळेना.

ते पडवीत होतं.

सुतार त्या रचलेल्या लाकडांपुढे उकिडवा बसला. एकेका टोकाला पटाशीने खाचा मारलेल्या होत्या. कुठे दोन, कुठे तीन, कुठे फुलीसारखी. तो म्हणाला, "ताई, ही खुणा केलेली लाकडं हायेत. परत जसंच्या तसं घर उभारायचं असंल तवाच अशा खुणा करतात. मालकाला इचारलंत का?"

"कुठलं घर आणि कुठलं काय!" मी फटकन म्हणाले. "त्यांना प्लॉट मिळायला सात जन्म लागतील. तोवर वाळवी खाईल ती खाईलच. करा तुम्ही."

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करा म्हणते ना."

त्याच आठवड्यात त्याच माणसाच्या प्लॉटसाठी मी तीन पानी अर्ज टाइप केला होता. मोर्च्यात "मिळालाच पाहिजे" म्हणून घसा फोडत होते. आणि तो कधी मिळेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. हे मला त्या दिवशी कळलंही नाही. लाकूड मिलमध्ये गेलं, कापलं, रंधलं, आणि वाटलं की खाचा भुशाबरोबर गेल्या.

पुढच्या वर्षी प्लॉट मिळालेल्यांची यादी लागली. ती मी त्याच टेबलावर उघडली. पहिल्याच पानावर बाबाचं नाव होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं आणि मी यादी मिटून फाइलीत सरकवली. निरोप पाठवायला मी दोन आठवडे लावले. तेवढ्यात त्याला कुठूनतरी कळलंच.

तो आला तो थेट मागे पडवीत गेला. मग आत आला. मी उभी राहिले. त्याने टेबलावर हात ठेवला, वाकून खालच्या बाजूने बोटं फिरवली. खालून सुताराने रंधा मारला नव्हता. एका उरलेल्या खाचेपाशी बोटं थांबली.

"हा ओटीवरचा खांब," तो म्हणाला. मग रॅककडे बघून, "त्यो चुलीवरच्या आढ्याचा."

"बाबा, माझी चूक झाली. सगळं सोडवून देते. आजच सुताराला बोलावते."

"तुकडं झालं गो. तुकड्यांचं घर नाय व्हत." तो स्टुलावर बसला. "मंग आता मी काय उभा करू, ताय?"

शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. पुढे प्लॉटवर त्याने चार पत्रे ठोकले आणि एकटाच राहू लागला. आम्ही दुसरं लाकूड देऊ केलं, त्याने घेतलं नाही. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा त्याने चहा केला आणि पावसाविषयी बोलला.

प्लॉटच्या कागदावर त्याच्या बायकोचा अंगठा लागत होता, म्हणून मी उंबरमाळीला गेले. म्हातारी लेकीच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. नजर अधू झालेली, सगळं बोटांनीच चाचपून बघत होती. मी शहापूरच्या ऑफिसातली म्हटल्यावर तिने सूप बाजूला सारलं आणि माझा हात धरला.

"त्यो म्हनं सुतार गावत नाय," ती म्हणाली. "म्हनून घर ऱ्हायलंय. खरं काय गो?"

त्याने तिला सांगितलंच नव्हतं. माझं नाव त्याने घेतलंच नव्हतं.

"हो आजी," मी म्हटलं. "सुतार मिळत नाहीत हल्ली."

"आन् लाकडं? तुमच्याकडंच हायेत नं? वालवी तं नाय लागली?"

"नाही आजी. छान कोरडी आहेत. एकालाही वाळवी लागलेली नाही."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला.