जोसेफिनचं वाचन

बाळकुमच्या चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, बावीस वर्षं पवित्र शास्त्राचं, बायबलचं, वाचन एकाच बाईनं केलं, जोसेफिननं. पहिलीच्या वर्गाला शिकवून शिकवून कमावलेला खणखणीत आवाज. माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. शनिवारी संध्याकाळी ती घरी मोठ्यानं सराव करायची आणि नवरा ऑस्वल्ड कोथिंबीर निवडत ऐकत बसायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत एका सकाळी चहा ओतताना तिच्या हातून गाळणं पडलं. "काय झालं गं?" ऑस्वल्डनं विचारलं. तिनं तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते नुसतं "ता... ता..." मेंदूत गुठळी झाली होती.

पंधरा दिवसांनी ती इस्पितळातून घरी आली. उजवा पाय हळूहळू सावरला. शब्द मात्र गेले ते गेलेच. समजायचं सगळं. पाणी हवं असलं की तोंडातून "खिडकी" निघायचं, आणि चुकलं हे आधी तिलाच कळायचं. फादर भेटायला आले तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. उशाशी ठेवलेलं शास्त्राचं पुस्तक डाव्या हातानं कपाटात मागे ढकलून दिलं. ऑस्वल्डनं ते पाहिलं.

बोलणं शिकवायला खोपटहून अंतरा नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. केळं, छत्री, घड्याळ अशी चित्रांची कार्डं घेऊन. शेकडो पोरांना जिनं अशीच चित्रं दाखवली, तिला आता कोणी "हे काय आहे, आंटी?" विचारायचं. एके दिवशी जोसेफिननं सगळी कार्डं भिरकावून दिली.

अंतरानं ती शांतपणे गोळा केली. "अंकल, आंटी नेहमी मोठ्यानं काही वाचायच्या का? कधीकधी बोलणं जातं, पण पाठ झालेलं आत टिकून राहतं."

ऑस्वल्डनं कपाटातून पुस्तक काढलं. त्याला त्यातलं फारसं कळत नसे. जे पान बोटांनी सगळ्यात मळलं होतं ते त्यानं उघडलं. दुःखात बुडालेल्या कुणा माणसानं देवालाच जाब विचारलेला, असं ते स्तोत्र होतं. तो अडखळत वाचू लागला आणि "कुठवर"च्या जागी "कुठे" म्हणून गेला.

"कुठ... वर," पलंगावरून आवाज आला.

बाईंनी चूक सुधारली होती. ऑस्वल्डला पुढची ओळ दिसेना, त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

त्यानंतर रोज सकाळी ते एकच पान. तो एक शब्द वाचे, ती दुसरा ओढून आणी. महिन्याभरानं तिनं त्या ओळींवर बोट ठेवलं. "हा... रागावलेला."

"कोण? लिहिणारा?"

तिनं मान डोलावली. इतकी वर्षं ती हे स्तोत्र किती गोड गळ्यानं वाचत आली होती! त्या माणसाचा राग तिला कधी ऐकूच आला नव्हता. आणि तो राग कुणी खोडून टाकला नव्हता, शास्त्रात तसाच ठेवला होता. मग आपलाही देवापुढे मांडायला हरकत नाही, असं तिला वाटलं.

"देवानं ऐकलं असेल ना त्याचं?" ऑस्वल्डनं विचारलं.

तिनं पुढच्या ओळीवर बोट नेलं. "ब... बघू."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती चर्चमध्ये पुन्हा वाचायला उभी राहिली. चारच ओळी. आदल्या दिवशी ऑस्वल्ड घरोघरी सांगून आला होता, "अडकली तर शब्द सुचवू नका हां. थांबा." तिसऱ्या ओळीला ती खरंच अडकली. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. कुणाचं तरी तान्हं बाळ रडलं, आईनं त्याला बाहेर नेलं. कुणीही शब्द सुचवला नाही. मग तो आला, अर्धा आधी आणि अर्धा नंतर, आणि तिनं चौथी ओळ पुरी केली.

दारात फादर भेटले, तर तिनं त्यांचा हात धरला. "पुढच्या... रविवारी पण."

"पण त्या दिवशी आठ ओळी आहेत," फादर म्हणाले.

"चा... चालेल."