आतोबांची खाण

भूतकाळाचं भविष्य इतकं अचूक सांगणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात माझ्या आतोबांखेरीज दुसरा झाला नाही. उद्या काय होणार हे सांगणारे जोशी गल्लोगल्ली सापडतात. पण काल जे झालं ते तसंच कसं होणार होतं, हे छातीठोकपणे सांगायला आतोबाच हवेत. आणि हा भूतकाळ तरी कशाचा? म्हैसूरच्या मुलखातल्या एका सोन्याच्या खाणीच्या शेअरांचा! आमच्या सगळ्या गोतावळ्यात विहिरीपलीकडे कोणी काही खणलं नव्हतं. माझ्या आत्याचे हे यजमान कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. पेन्शनीत निघाल्यावर बाकीचे पेन्शनर मासुंदा तळ्याच्या काठी बसून जमाना कसा बिघडला ते एकमेकांना सांगू लागले, आणि आतोबांनी शेजारच्या वकिलांच्या माळ्यावरून जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे गठ्ठे खाली उतरवले. त्यांतल्या शेअरांच्या रकान्यात बोट घालून ते जे बसले, ते जेवायला हाका मारल्याशिवाय उठेनात.

ताजा अंक मात्र ते चुकूनही वाचायचे नाहीत. वकिलांचं वाचून झालं की अंक यांच्याकडे यायचा, आणि हे तो महिनाभर फडताळात ठेवून द्यायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "अरे, ताजा भाव म्हणजे कैरी. आढीत घालावी, पिकू द्यावी, मग चव कळते." असे पिकलेले भाव त्यांना तोंडपाठ होते, आणि घरातल्या साऱ्या घडामोडी त्यांना त्या भावांवरूनच आठवत. माझी आतेबहीण ठकी, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, हिला गोवर आला तेव्हा खाण अकरावर होती, आणि माझी मुंज झाली तेव्हा पस्तिसावर. पेठेतले एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा आतोबा समाचाराला गेले, हळहळले आणि त्यांच्या मुलाला म्हणाले, "फार चांगला माणूस. शेवटची भेट झाली तेव्हा सव्वाअकरा." मुलाला वाटलं, घड्याळातले. तोही डोळे पुसून हो म्हणाला.

भाव का चढतो नि का पडतो हे समजून घ्यायचं म्हणजे इंग्रजी तारखा कुचकामाच्या, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी सगळे भाव पंचांग घेऊन तिथीवार लावले आणि शोध लावला की खाण संकष्टीला हमखास घसरते. झालं! खाणीला आधार म्हणून हे संकष्टीचा निर्जळी उपास करू लागले. चंद्रोदयाला मोदक लागायचे ते लागायचेच. आत्या कपाळावर हात मारून म्हणायची, "खाण म्हैसुरात, भाव मुंबईत, उपास ठाण्यात आणि नारळ खवायचा मी!" आगगाडीनं कल्याणला जायचा प्रसंग आला तर मुंब्र्याच्या बोगद्यात आतोबा खिडकीतून डोकं बाहेर काढून उभे राहत. खाणीत माणसाला कसं वाटत असेल ते समजायला नको का? बोगद्यातून बाहेर आल्यावर तोंड इंजिनाच्या धुरानं असं काळं व्हायचं की समोर बसलेली पोरं भोकाड पसरायची.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं. पण आत्याच्या पाटल्या त्या खाणीत गेल्या होत्या. जुन्या अंकांत आतोबांना दिसलं होतं, की पूर्वी हा शेअर चाळीस रुपयांवर होता आणि मग एकाएकी दहावर आला. चाळिसाची वस्तू दहाला! त्यांची झोप उडाली. "पडलेलं माणूस उठतं, तसा भाव उठणार. एकाच्या चार पाटल्या करून देतो तुला, ठकीच्या लग्नाआधी," असं त्यांनी आत्याला सांगितलं, आणि त्या माउलीनं माहेरच्या दोन पाटल्या हातांतून उतरवून दिल्या. त्या विकून शेअर आले. माझ्या आजोबांनी घातलेल्या पाटल्या त्या. पुढं हळदीकुंकवाला कोणी तिच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं की आत्याच आधी म्हणायची, "आमच्या ह्यांनी हातातलं सोनं देऊन जमिनीतलं घेतलंय हो. उगवलं की दाखवीन."

ते काही उगवेना. भाव दहा-अकराच्या आसपास घोटाळत राहिला. तशात ठकीचं लग्न कल्याणच्या एका चांगल्या घरात ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला, आणि आत्या एक दिवस परकराची चिंधी करावी तशी आतोबांची सगळी गणितं टराटरा फाडून मोकळी झाली. "मला एकाच्या चार नकोत, दोन नकोत. माझ्या होत्या त्याच द्या. लेक मोकळ्या हातांनी सासरी जायची नाही," ती म्हणाली. आतोबा म्हणाले, "अगं, चाळीस होणारा माल अकराला विकू? भाव का पडला होता ते एकदा समजू दे, म्हणजे कधी उठेल ते सांगतो." पंचाईत अशी, की ज्या आठवड्यात भाव पडला नेमक्या त्याच आठवड्याचे अंक वकिलांच्या गठ्ठ्यात नव्हते. त्या भगदाडात आतोबांनी काय काय भरून पाहिलं होतं! खाणीत पाणी शिरलं, गोरा मॅनेजर पळाला, नाग निघाला. शेवटी वकिलांना आठवलं, की एक गठ्ठा त्यांनी कल्याणच्या एका ओळखीच्या वाण्याला रद्दीत दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आतोबा कल्याणला, आणि त्यांनी फार खरेदी करू नये म्हणून आत्यानं बरोबर पाठवलेला मी.

गठ्ठा होता. पण वाण्याच्या गादीशेजारी, तळाशी, आणि त्यावर इतर रद्दीचा ढीग. "शेटजी, खालचे कागद काढून द्या," आतोबा म्हणाले. वाणी म्हणाला, "काका, मी कागद विकत नाही, माल विकतो. मालाबरोबर कागद फुकट." मग आतोबांनी सगळ्यांत स्वस्त माल कोणता ते विचारलं आणि मीठ घ्यायला सुरुवात केली. वाणी वरचा कागद उचलायचा, मीठ बांधायचा, आतोबा पुडी बाजूला ठेवून म्हणायचे, "आणखी." मी ठाण्याचा माणूस. आमच्याकडे खाडीच्या कडेनं, पार कळव्यापर्यंत मिठागरं पसरलेली, आणि आम्ही मीठ आणतोय कल्याणहून! दुकानासमोर माणसं जमली. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही कार्य आहे का?" अखेर वाण्यालाच दया आली; त्यानं ढीग आडवा केला आणि तळचा गठ्ठा आतोबांपुढे टाकला.

आतोबांनी तो अंक काढला. रकाना शोधला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मिठाच्या गोणीवर बसले. मी अंक घेऊन पाहिला. भानगड काहीच नव्हती. कंपनीनं त्या आठवड्यापासून आपल्या एका शेअरचे चार शेअर केले होते. ज्याच्याकडे एक होता त्याला चार मिळाले, आणि चाळिसाच्या जागी प्रत्येकाचा भाव दहा लागला. कोणी घाबरलं नव्हतं, नाग निघाला नव्हता, भाव पडलाच नव्हता. आणि जो पडलाच नाही तो उठून चाळिसावर जाणार तरी कसा?

"एकाच्या चार मी करणार होतो," आतोबा म्हणाले. "त्यांनी माझ्याआधीच करून ठेवले होते रे."

परतीच्या गाडीत बोगदा आला तेव्हा ते उठले नाहीत. मला ते फार लागलं. दोघांच्या मांडीवर मिठाच्या पुड्या. मी म्हणालो, "आतोबा, तोटा तर नाही ना झाला?" ते म्हणाले, "तोटा नाही. पण तिला काय सांगू?"

आत्या ओटीवरच उभी होती. आतोबांनी पुड्या खाली ठेवल्या आणि एका दमात सांगून टाकलं, "अगं, भाव कधी पडलाच नव्हता. चूक माझी झाली."

"मग बरंच झालं की!"

"बरं कुठलं? एकाच्या चार होत नाहीत."

"माझ्या दोन होतील ना?"

"होतील. तेवढ्याच."

"तेवढ्याच हव्या होत्या मला," आत्या म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. मग पुड्यांकडे लक्ष जाऊन ओरडली, "अहो, पण हे मीठ कशाला?"

शेअर विकले. पाटल्या घडल्या; अकराचा भाव मिळाल्यामुळे त्या जुन्यांपेक्षा अंमळ जडच झाल्या, आणि तेवढ्यावर आतोबांची छाती पुन्हा फुगली. सोनाराला त्यांनी त्या इतक्यांदा तोलायला लावल्या की तो वैतागून म्हणाला, "काका, तोलून तोलून झिजतील." लग्नात ठकीनं त्या घातल्या. मांडवात विहिणी तिचा हात धरून पाटल्या निरखत होत्या, तेव्हा आत्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आता पुढचं सांगतो. काही वर्षं गेली, आणि त्या खाणीला खरोखरच सोनं लागलं. भाव चढत चढत गेला आणि एक दिवस चाळिसाच्याही वर जाऊन बसला. मी तेव्हा सुटीत ठाण्याला गेलो होतो. आल्या आल्या आत्यानं मला चुलीजवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "वकीलकाकू परवा सांगत होत्या, खाण फार वर गेलीय म्हणे. तू ह्यांना काही बोलू नकोस हो. जिवाला लावून घेतील. माझ्यासाठी विकले ना त्यांनी." मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी तळ्यावर फिरताना आतोबा म्हणाले, "या खेपेला मी अंक आढीत घातला नाही. ताजाच वाचला." मग थोडं चालून म्हणाले, "आत्याला सांगू नकोस. तिला वाटेल, आपण घाई केली म्हणून नवऱ्याचं नुकसान झालं. तसं काही नाही रे. ठकीच्या हातांत पाटल्या दिसल्या तो दिवस मला पुन्हा कुठून मिळाला असता?"

रात्री जेवताना आत्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते तुमची खाण?"

"ती काय म्हणणार? आहे तिथंच आहे."

"असू दे हो," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या भातावर तूप वाढलं. मी पानावरची मान वर केली नाही. केली असती तर दोघांपैकी एकाला माझ्या तोंडावरून कळलं असतं.

पुढं दोघंही बरीच वर्षं जगली. आधी आतोबा गेले, मग आत्या. माझ्या माहितीप्रमाणे, त्या दोघांनी एकमेकांना शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.