शिवून टाकलेलं शेवटचं पान

पान कापलेलं आहे हे मला पहिल्याच दुपारी कळलं. औषधांच्या गोदामात साठा तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. उंदराने कुरतडलेला पुठ्ठा कसा दिसतो ते मला माहीत आहे. उंदीर सरळ रेषेत कुरतडत नाही.

"उंदीर," शेजारच्या बाई मात्र शांतपणे म्हणाल्या आणि माझ्यासमोर छोट्या कपातली काळी कॉफी ठेवली.

लंडनच्या ईलिंग भागात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. त्या आर्मेनियन, बैरूतमध्ये वाढलेल्या. वय ऐंशीच्या पुढे, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली. एकदा मी त्यांचा कौन्सिलचा पार्किंगचा फॉर्म भरून दिला होता. तेव्हापासून इंग्रजीत काही लिहायचं असलं की त्या कुंपणावरून हाक मारतात. सगळ्यांना 'जान' म्हणतात, पोस्टमनलासुद्धा. सुरुवातीला मला त्याचाही संशय यायचा.

या वेळचं काम वेगळं होतं. नवऱ्याच्या घराण्यातून आलेलं एक जुनं पुस्तक त्यांना त्यांच्या चर्चला द्यायचं होतं. बायबलमधली चार शुभवर्तमानं, हाताने लिहिलेली, सोन्याच्या वर्खाच्या चित्रांसकट. त्यांच्यात रीत अशी की असं पुस्तक जो लिहितो, दुरुस्त करतो किंवा संकटातून वाचवतो, तो शेवटी आपलं नाव लिहून ठेवतो. पुढे पुस्तक उघडणारा पाद्री ती नावं घेऊन प्रार्थना करतो. नवऱ्याचं नाव तसं घेतलेलं त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. पाद्र्याची एकच अट होती: पुस्तक कुठून आलं आणि त्यातलं काय गेलं, याचा खरा इतिहास लिहून द्या. अशी पुस्तकं चोरीला जातात, त्यातली चित्रं सुटी करून विकली जातात. त्यामुळे अट मला रास्त वाटली.

तो इतिहास मी लिहायचा होता.

मी वही काढून मोजायला लागलो. पुस्तक गठ्ठ्यागठ्ठ्यांनी शिवलेलं होतं आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या पानाखाली एक अक्षर होतं. आर्मेनियन अक्षरंच आकड्यांचं काम करतात, हे बाईंनी मला शिकवलं. एकूण तेवीस गठ्ठे, प्रत्येकी बारा पानं. फक्त दुसऱ्यात अकरा, आणि शिलाईपाशी नखाएवढी पट्टी उरलेली. शेवटच्यातही अकराच. एका चित्रात संताचा चेहरा पुसट झाला होता. मी वहीत 'ओल?' असं लिहिलं.

"ओल नाही, जान. लोकांनी त्याचे मुके घेतलेत."

मी 'ओल' खोडलं, पण प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. जुन्या नोंदी त्या अडखळत वाचत होत्या. लिहिणाऱ्याने थंडीत शाई गोठल्याची तक्रार केली होती. आणखी एका नोंदीत पुस्तक 'कैदेत' पडल्याचं आणि गावकऱ्यांनी ते 'सोडवून' आणल्याचं लिहिलं होतं. माणसासाठी वापरावेत असे शब्द पुस्तकासाठी वापरलेले पाहून मला वाटलं, चोरीचा माल असाच गोड बोलून झाकत असतील.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"अहो, त्यांनी तुम्हाला कॉफीला बोलावलं होतं की चौकशीला?"

"पान ब्लेडने कापलंय."

"असेल. आपल्या सत्यनारायणाच्या पोथीची पानं कधी मोजलीत?"

"बेचाळीस."

"देवा!" ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक मागच्या बाजूने पाहिलं. पुढच्या पुठ्ठ्याला आतून विरलेलं जुनं रेशीम होतं. मागच्या पुठ्ठ्यासमोर मात्र नवं छापील सुती कापड, बारीक टाक्यांनी शिवलेलं. त्याखाली हाताला पान लागत होतं. बारावं पान! कुठल्यातरी मठाचा नाहीतर ग्रंथालयाचा शिक्का लपवलाय, याबद्दल माझी खात्री झाली.

"या कापडाखाली काय आहे?"

"काही नाही."

"मग हे मी लिहिणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या."

"तू कस्टमवाला व्हायला हवा होतास," त्या म्हणाल्या. मग शिवणाच्या डब्यातून कात्री आणून त्यांनी स्वतःच टाके उसवले.

शिक्का नव्हता. निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या नऊ ओळी होत्या, त्यांच्या नवऱ्याच्या हातच्या. त्या ओळींखाली बोट फिरवत त्यांनी मला अर्थ सांगितला. बैरूतमध्ये लढाई चालू होती. तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या भागातल्या दवाखान्यात जायचं होतं. नाक्यावरचा बंदूकवाला सोडेना. त्याला मरिया आणि बाळाच्या चित्राचं पान दिलं, तेव्हा त्याने वाट दिली. हे पाप माझं एकट्याचं आहे, माझं नाव घेऊ नका.

"पहिल्या लेखकाने शाप लिहून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक कापणाऱ्याची जागा येशूला पकडून देणाऱ्याच्या शेजारी. हे वाचल्यावर पाद्री त्याचं नाव कशाला घेईल? म्हणून शिवून टाकलं. तू फक्त लिही, शेवटचा राखणदार माझा नवरा."

गोष्ट पटण्यासारखी होती. पण माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे होतं. सहावी ओळ संपल्यावर ते उचललं गेलं आणि थेट आठवीखाली टेकलं होतं.

"सातवी ओळ राहिली."

"नाही राहिली."

"नऊ आहेत. तुम्ही आठ वाचल्यात."

त्यांनी बोट मागे आणून सातव्या ओळीखाली टेकवलं. "'तिने सांगितलं म्हणून मी कापलं,'" त्या म्हणाल्या. "मी सांगितलं. ब्लेडही मीच आणून दिलं. त्याला सरळ कापता येईना, तर पान मी ताणून धरलं. आणि बघ, पाप एकट्याचं म्हणतो! धड खोटंही लिहिता आलं नाही त्याला."

"त्या माणसाने चित्राचं काय केलं?"

"घडी घालून खिशात टाकलं." त्यांनी हातानेच चार घड्या घालून दाखवल्या.

तरी मी इतिहासात 'मालकिणीच्या सांगण्यानुसार' असेच शब्द घातले. पुरावा माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही. कापण्यात दोघांचा हात होता, हेही स्पष्ट लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचून सही केली.

चर्चमध्ये मी सोबत गेलो होतो. पाद्र्याने आधी माझी दोन पानं वाचली, मग पुस्तकातलं शेवटचं पान. हा आता पुस्तक परत देणार असं मी धरूनच चाललो. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली होती. मग त्याने पुस्तक उघडं ठेवून पहिल्या लेखकापासून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. मला कळलं ते शेवटचंच, त्यांच्या नवऱ्याचं. शापाबद्दल तो काहीच बोलला नाही. नंतर बाईंकडे वळून त्याने हळूच काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तो वाट बघत उभा राहिला. शेवटी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, अगदी बारीक आवाजात, आणि त्याने तेही घेतलं.