चव्वेचाळिसावं नाव

आधीच सांगून टाकतो, अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे असंही म्हणणार नाही. मी उभा जन्म मुद्रितशोधक म्हणून काढला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. अशा माणसाला चमत्कार दिसत नाहीत, त्याला जिथे तिथे कुणाचा तरी निष्काळजीपणा दिसतो. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी काना-मात्रा तपासतो, लग्न कुणाचं ते नंतर बघतो. बायको म्हणते, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दारावरच्या पाटीतली चूक काढाल. तर... हे लिहिणारा माणूस असा आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

साल १९९८. दुबईतला अल कुसैसचा इंडस्ट्रियल एरिया. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला बेकरीचं गोदाम आणि मध्ये आमचा छापखाना. मालक नाईकसाहेब, मूळचे सावंतवाडीचे. कामं रोजचीच – बिलबुकं, हॉटेलांची मेनूकार्डं, सुपरमार्केटची पत्रकं. कॉम्प्युटर आणि फिल्मचं काम कोट्टयमच्या जोसेफकडे होतं. शेवटच्या प्रूफवर माझी सही झाल्याशिवाय काहीही मशीनवर चढायचं नाही, असा नियम होता. नियम मीच केला होता.

जानेवारीत लोरेन नावाच्या एक अमेरिकन बाई आल्या. पन्नाशी उलटलेली, शारजातल्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांना स्वतः लिहिलेलं एक लहानसं पुस्तक छापून हवं होतं, पाचशे प्रती. विषय होता अमेरिकेतल्या चिकासॉ या मूळनिवासी जमातीची मुलींची निवासी शाळा. त्यांची आई लहानपणी तिथे शिकली होती. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

मला या लोकांबद्दल माहिती होती ती मुलीच्या कॉमिक्सपुरती. निवासी शाळा म्हटल्यावर वाटलं, सरकारने पोरी उचलून नेऊन डांबल्या असणार. तसं बऱ्याच ठिकाणी झालंही, बाईंनीच लिहिलं होतं. पण ही शाळा वेगळी होती. चिकासॉ लोकांना त्यांच्या मूळ मुलखातून हुसकावून लावलं गेलं, आणि नव्या जागी नीट बस्तान बसायच्या आत त्यांनी आपल्या मुलींसाठी शाळा उभी केली. पुढे ती मिशनऱ्यांकडून स्वतःच्या ताब्यात घेऊन चालवली. इंग्रजी, पियानो, चित्रकला, भरतकाम... तिथे शिकलेली मुलगी म्हणजे घराण्याचा मान. फक्त शाळेत आपली भाषा बोलायची नाही. लोरेनबाईंची आई घरची भाषा बोलत शाळेत गेली, आणि पुढे स्वतःच्या मुलांशी त्या भाषेतला एक शब्दही बोलली नाही. हे प्रूफ वाचताना मी थांबलो होतो. माझी स्वतःची मुलगी मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. असो.

पान अठ्ठावन्नवर यादी होती. आई शाळेत होती त्या काळातल्या मुलींची नावं, आडनावांच्या क्रमाने, दोन स्तंभांत. शाळेची इमारत पुढे आगीत जळाली आणि बरीच दफ्तरं तिच्याबरोबर गेली. त्यामुळे बाईंनी जुनी पत्रं, फोटो, लोकांच्या आठवणी असं गोळा करत यादी बनवली होती. एका नावाला दोन पुरावे, असा त्यांचा नियम होता. नियम करणारी माणसं मला आवडतात.

तर त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं – ‘मिनी?’

मी विचारलं, “मॅडम, हे नाव घ्यायचं की नाही?”

बाई म्हणाल्या, “माझ्या आईच्या शेजारच्या पलंगावर मिनी नावाची मुलगी झोपायची. हिवाळ्यात आली, काही आठवडे राहिली, तापाने आजारी पडली, घरचे येऊन घेऊन गेले. आई सहा-सात वर्षांची होती. रात्री रडायची तेव्हा मिनी तिच्याशी हळूच त्यांच्या भाषेत बोलायची. पण कुठल्या कागदात ती नाही. फोटोत नाही. आईला आडनावही आठवत नाही. आईबरोबर शिकलेल्या बायका म्हणायच्या, अशी कुणी नव्हतीच, तू एकटी पडली होतीस म्हणून मनाने रचलीस. आम्ही मुलंसुद्धा हसायचो.”

“आई आहेत अजून?”

“नव्वदीच्या आहेत. नर्सिंग होममध्ये. बरंचसं विसरतात. मी फोन केला की एकच विचारतात, मिनीला घातलंस का पुस्तकात? एप्रिलमध्ये जुन्या विद्यार्थिनींचं संमेलन आहे. तिथे पुस्तक त्यांच्या हातात द्यायचंय.”

मी काय केलं? मी म्हणालो, “मॅडम, एका नावासाठी नियम मोडलात तर सगळी यादी संशयास्पद होईल.” आणि लाल पेनाने त्या ‘मिनी?’वर काट मारून बाजूला डिलीटची खूण केली. बाईंनी मान हलवली. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

यादीत त्रेचाळीस नावं राहिली. डाव्या स्तंभात बावीस, उजव्या स्तंभात एकवीस. उजवीकडे खाली एक ओळ रिकामी दिसायची, ती मला खटकायची. जोसेफला म्हणालोही, पण नावं विषम असल्यावर तो बिचारा काय करणार! मार्चमध्ये शेवटचं प्रूफ निघालं. मी नावं मोजली, सही केली. मंगळवारी फाइलवरून पानांची फिल्म निघाली, बुधवारी तिच्यावरून छपाईची प्लेट झाली, गुरुवारी सकाळी फर्मा मशीनवर गेला.

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं. गुरुवारी साडेअकराला मी सवयीने एक ताव उचलला. पान अठ्ठावन्न बघितलं. मला आधी एवढंच जाणवलं की पान चांगलं दिसतंय. दोन्ही स्तंभ खाली बरोबर एका रेषेत संपले होते.

मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं, या वेळी पेन्सिलीचं टोक टेकवत. चव्वेचाळीस. उजव्या स्तंभात शेवटून चौथं नाव – मिनी टर्नर.

नाव खाली चिकटवलेलं नव्हतं. आडनावाच्या क्रमाने जिथे यायला हवं तिथेच होतं आणि पुढची तीन नावं एकेक ओळ खाली सरकली होती. टाइप तोच, अंतर तेच.

मी जोसेफवर भडकलो. तो घाबरून म्हणाला, “भागवतसाब, मैंने कुछ नहीं डाला, कसम से. आप खुद देखो.” त्याने फाइल उघडली. त्रेचाळीस नावं. मग फिल्म काढून काचेच्या टेबलावर ठेवली, खाली दिवा लावला. चव्वेचाळीस. त्याच फाइलची माझ्यासमोर नवी फिल्म काढली. त्रेचाळीस. दोन्ही फिल्म एकावर एक ठेवल्या. उजव्या स्तंभातली शेवटची चार नावं सोडली तर बाकी पान केसभरही हललेलं नव्हतं. जोसेफने खिशातला क्रॉस काढून हातात धरला. मी त्याला म्हटलं, तो आत ठेव आणि मशीन बंद करायला सांग.

नाईकसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात झटकले. “अहो भागवत, भूत-बीत काही नाही, कुणीतरी माती खाल्लीय. नवी फिल्म आहे ना? मग यल्ला, चला पटकन, नवी प्लेट करा, हा फर्मा रद्दीत घाला, चारच्या आत दुसरा छापा. क्लायंटला कळायचं कारणच नाही. खलास!”

त्यांचं बरोबर होतं. मी इतरांना हेच सांगितलं असतं. पण समासात होतं ते फक्त ‘मिनी’. टर्नर हे आडनाव मी कुठेच वाचलेलं नव्हतं, आणि पुस्तकाचं अक्षर न् अक्षर मी तीनदा वाचलं होतं. मी बाईंना फोन लावला. नाईकसाहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

बाई शाळा सुटल्यावर आल्या. कागदाच्या रिमांवर बसून त्यांनी ताव मांडीवर घेतला. मग विचारलं, “मिस्टर भागवत, टर्नर कुठून आणलंत?”

“मला वाटलं तुम्ही सांगाल.”

“मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही.”

संध्याकाळी पाच वाजता तिकडे सकाळचे सात वाजतात. नाईकसाहेबांनी स्वतःहून ऑफिसचा फोन पुढे केला, अमेरिकेला. हाही लहानसा चमत्कारच म्हणायला हवा. बाईंनी स्पीकर लावला. नर्सने रिसीव्हर दिल्याचा आवाज आला, मग एक बारीक, घासलेला आवाज. इंग्रजीच, पण सावकाश.

“मिनीला घातलंस का?”

बाईंनी उलट विचारलं, “मम्मा, मिनीचं आडनाव काय होतं?”

जोसेफ दारात उभा होता, नाईकसाहेब खुर्चीच्या कडेला टेकले होते.

“टर्नर,” म्हातारी म्हणाली. “मिनी टर्नर. आमच्या कपड्यांच्या पिशव्या शेजारीशेजारी असायच्या, तिच्या पिशवीवर शिवलेलं होतं. मंगळवारी आठवलं मला. नर्सकडून कागदावर लिहून घेतलंय, परत विसरेन म्हणून. तुझ्याच फोनची वाट बघत होते.”

फिल्म मंगळवारी निघाली होती. तो मंगळवार तिकडचा की इकडचा, किती वाजता, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला त्या क्षणी फक्त लाज वाटत होती. बाई रडत होत्या आणि फोनवर म्हणत होत्या, “हो मम्मा, घातलंय. छापून झालंय.”

फर्मा रद्दीत गेला नाही. पाचशेच्या पाचशे प्रती चव्वेचाळीस नावांच्या बांधल्या. जोसेफने पुढे कधीही ती फाइल उघडली नाही.

गेल्या काही वर्षांत मी सगळे मार्ग धुंडाळून पाहिले आहेत. बाईंनीच नाव घुसवलं? मंगळवारी त्या छापखान्याकडे फिरकल्याही नव्हत्या. लहानपणी आईकडून आडनाव ऐकून विसरल्या असतील? असतील, पण ते फिल्मवर कसं गेलं? जोसेफने गंमत केली? त्याने ‘टर्नर’च निवडायचं कारण काय? मशीनचा बिघाड म्हणावा, तर बिघडलेलं मशीन नावं क्रमाने लावत नाही. आणि बाईंच्या नियमाने बघितलं तर अजूनही मिनीला एकच पुरावा आहे, आईची आठवण. आमच्या फर्म्याला पुरावा म्हणता येणार नाही, ते मी सगळ्यात आधी मान्य करीन.

नंतर छापखाना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात हलला तेव्हा जुन्या फिल्म टाकून दिल्या. त्यात तीही गेली. माझ्याकडे उरलं ते हस्तलिखिताचं पान, समासात माझी लाल काट असलेलं. बाई म्हणाल्या होत्या, तुम्हीच ठेवा.

संमेलनानंतर मे महिन्यात त्यांचं पत्र आलं. आईंनी पुस्तक उघडलं ते थेट यादीचं पान. दुसरं एकही पान बघितलं नाही. नावावर बोट ठेवून बसून राहिल्या, आणि मग त्या बोटाखालच्या नावाशी हळू आवाजात बोलायला लागल्या. त्यांच्या भाषेत. लोरेनबाईंनी जन्मात पहिल्यांदा आईला त्या भाषेत बोलताना ऐकलं. काय बोलल्या ते त्यांना कळलं नाही. जूनमध्ये आई गेल्या.

आमच्या धंद्यात एक खूण असते. चुकून खोडलेला शब्द परत तसाच राहू द्यायचा असेल, तर त्याच्याखाली टिंबं देतात. पत्र वाचून झाल्यावर मी ते पान काढलं, लाल पेन घेतलं आणि ‘मिनी’खाली टिंबं दिली. मग प्रश्नचिन्ह खोडलं.