उर्मिलाकाकूंनी टिपलेला ध्रुव

आमच्या शेजारच्या उर्मिला तळपदे, म्हणजे उर्मिलाकाकू, बत्तीस वर्षं विधानभवनात शॉर्टहँड रिपोर्टर होत्या. सभागृहात जो बोलेल त्याचा शब्द न् शब्द पेन्सिलीनं टिपायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही हात आखडू नये म्हणून त्या रोज तासभर सराव करायच्या. रेडिओवरच्या बातम्या, खालच्या मजल्यावरचं भांडण, काहीही चालायचं. मला हे माहीत होतं, पण त्यात विशेष काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

गिरगावात आमची घरं एकाच गॅलरीवर. दर रविवारी दुपारी माझा मित्र ध्रुव घोडपदेवहून बस पकडून यायचा. मी लॅपटॉपवर बीट लावायचो आणि तो रॅप करायचा. लिहून काही आणायचा नाही, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचा. लालबागच्या मैदानात पोरं गोल करून उभी राहायची तेव्हा ध्रुवची पाळी आली की मोबाइल खिशात जायचे. असा होता तो.

पहिल्याच रविवारी काकूंचं दार उघडलं. म्हटलं, आता बोलणी बसणार.

"एकशे चाळीस," काकू म्हणाल्या.

"काय, काकू?"

"मिनिटाला शब्द. मधे तर एकशे साठच्या वर गेला हा. आमच्याकडे एवढ्या जोरात विरोधी पक्षच बोलायचा, तोही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी."

दार त्यांनी लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.

दीड वर्षानं आम्ही मिक्सटेप काढली. नाव 'तळमजला', नऊ ट्रॅक. कंपनी नाही, जाहिरात नाही, फक्त लिंक. लालबाग, परळ, करी रोडची पोरं कधीची वाट बघत होती. त्यांनी ऐकली, आणि दोन दिवस कोणी काही बोललंच नाही. मग एकानं लिहिलं, 'भाई, मैदानातला ध्रुव कुठाय?'

खरंच नव्हता तो त्यात. माइकसमोर उभं राहायचं म्हणून ध्रुवनं पहिल्यांदाच सगळं लिहून आणलं होतं, आणि लिहिताना घाबरला होता. बसनं फिरणारा पोरगा गाड्यांबद्दल बोलत होता. त्यावर मी आवाज घासून घासून गुळगुळीत केला. चूक दोघांची होती. मैदानातलं आणि रविवारचं जे चांगलं होतं ते हवेत गेलेलं. मोबाइलवर जे थोडं होतं त्यात नुसता गोंगाट. ध्रुवनं फोन उचलणं बंद केलं आणि एका कुरिअर ऑफिसात चिकटला.

महिन्याभरानं काकूंनी मला गॅलरीत गाठलं. "अभिषेक, तुमची ती टेप ऐकव."

पाठ ताठ ठेवून, हेडफोन लावून त्यांनी नऊच्या नऊ ट्रॅक ऐकले.

"हा ध्रुव नाही," त्या म्हणाल्या. "हा वाक्य संपायच्या आधी श्वास घेतो. तो घ्यायचा नाही. त्याला रविवारी घेऊन ये."

कसाबसा आणला त्याला. काकूंनी कपाटातून वह्या काढल्या. चौदा होत्या. आत सगळ्या बारीक रेघा, ठिपके आणि आकडे. चष्मा लावून त्यांनी एक पान उघडलं आणि सभागृहाचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात वाचायला लागल्या.

"चाळीसाव्या मजल्यावर पोहायचा तलाव, खाली आमच्या बादल्यांची रांग. पाणी तर एकच आहे देवा, उंचीचं भाडं कोण घेतं सांग. कंसात, हशा. कंसात, टॅक्सीचा हॉर्न."

ध्रुव उभाच राहिला. "हे मी बोललो?"

"अकरा फेब्रुवारी, चार वाजून वीस मिनिटं. मधे शिंकलास, ते मी गाळलंय."

त्या वाचत गेल्या. पान उलटायचं, बोट ठेवायचं, वाचायचं. त्याच्या आईचा रात्रपाळीचा डबा, करी रोडच्या पुलावरची गर्दी, मेलेल्या मित्राचा न बदललेला डीपी. अडखळणं, माझी 'वाह' आणि त्याची शिवीसुद्धा. शिवी आली तरी काकूंच्या आवाजाची पट्टी बदलली नाही. बीट नव्हती, लय नव्हती, तरी मला ध्रुवच ऐकू येत होता. दीड वर्ष भिंतीपलीकडे एक बाई आमचं वाया गेलेलं एकेक वाक्य झेलत बसली होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. ध्रुव खाली फरशीवर बसला आणि त्यानं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, हेच रेकॉर्ड करू. काकूंनी सांगितलेलं मी टाइप करून दिलं, ध्रुव वाचायला लागला, आणि पुन्हा तोच कडक, घाबरलेला आवाज.

"वाचू नकोस," काकू म्हणाल्या. "मी समोर बसते. तू बोल, मी घेते."

त्यांनी नवं पान उघडलं. ध्रुवनं त्या पेन्सिलीकडे बघितलं आणि सुटला. तो बाईला मागे टाकायला बघत होता, आणि बाई मागे पडत नव्हती. मी बीट बंद केली तेही त्यांना कळलं नाही. सातव्या मिनिटाला काकूंचा डावा हात वर झाला. "थांब. परत बोल."

काकूंच्या कपाळावर घाम होता, आणि त्या हसत होत्या. "बत्तीस वर्षांत एकदाही कुणा आमदाराला थांबवलं नव्हतं मी."

त्या दिवसाचे चार ट्रॅक आम्ही टाकले. ऐकणारे तीनशेच्या आसपास. ध्रुव अजून कुरिअर ऑफिसातच आहे. पण एका रविवारी तो काकूंना टॅक्सीनं लालबागला घेऊन गेला. पोरांनी कुठूनतरी खुर्ची आणून गोलाच्या मधोमध ठेवली. काकूंनी बसून वहीचं नवं पान उघडलं. एकजण रॅप सुरू करणार, इतक्यात बाकीच्यांनी त्याला अडवलं.

"थांब रे. काकूंना तारीख टाकू दे."