चार हजार गाठींचं वाचनालय

कात्री माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्या बिचाऱ्या प्राजक्ताला बोल लावायला नको.

मी रजनी. मूळची चिपळूणची, पण गेली सत्तावीस वर्षं सिल्वासात शाळेत मराठी शिकवते. इथल्याच टोकरखाडा भागात आमच्या मराठी मंडळाचं एक वाचनालय आहे. एक खोली, अकराशे पुस्तकं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. मंडळाने ही जबाबदारी माझ्या गळ्यात घातली, कारण सभेत सगळ्यात मोठ्याने मीच बोलते. जबाबदारी माझी असली तरी वाचनालय मात्र वाळूचं.

वाळू अमळनेरकडचा. जवळच्या राखोलीत एका धाग्याच्या कंपनीत त्याने बावीस वर्षं पॅकिंगला काढली. तिथे धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, सगळे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक लॉटला ओळखीपुरता वेगळा फिका रंग देतात. लॉट मिसळला की माल परत. "बावीस वर्सांत एक लॉट मिसळू दिला नाही, बाई," हे तो पहिल्या भेटीत सांगतो, आणि दुसऱ्याही. गुडघे गेले तशी कंपनी सुटली आणि तो आमच्याकडे आला. शिक्षण चौथी. वाचतो ते बोट ठेवून, ओठ हलवत. गणपतीत हातात धरलेली कादंबरी होळीला खाली ठेवतो, पण अर्धवट सोडत नाही.

त्याच्या राज्यात पुस्तकं विषयवार नव्हती, शिफ्टवार होती. रात्रपाळी करून आलेल्यांचे डोळे चुरचुरतात, म्हणून त्यांच्या कपाटात बारीक पुस्तकं, मोठी अक्षरं. जाडजूड ग्रंथ सुट्टीच्या कपाटात. मला हे बघून एकदा झटकाच आला. कथा, कादंबरी, चरित्र, विज्ञान असं सगळं मी दोन दिवस खपून लावलं. आठवडाभर माणसं दारातून आत यायची, कपाटांकडे बघायची आणि परत जायची. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, मेरा वाला कपाट किधर गया?" मुकाट्याने पूर्वीसारखं लावलं. म्हणजे वाळूने लावलं, मी नुसती बडबड केली.

आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीतून दोरे लोंबायचे. गुलाबी, पोपटी, आकाशी, दोन रंग पिळून केलेले, कुठे तीन, कुठे पंधरा. मला वाटायचं, खुणेला बांधत असेल. पाच वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. मास्तरणीला विचारायची सवय नसते, सांगायची असते.

गेल्या वर्षी रमाकांतच्या डोक्यात टेबल टेनिस शिरलं. रमाकांत आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. "रजनीताई, वाचतंय कोण आता? तरुणांना खेचायचं तर ही खोली खेळायला द्यायला हवी," असं तो सभेत म्हणाला. मी उसळले. तेव्हा तो गोड हसून म्हणाला, "मग दाखवा ना. पाच वर्षांत किती पुस्तकं बाहेर गेली? हजाराच्या वर निघाली तर खोली तुमची. पुढच्या महिन्यात सभा आहे, आकडे कॉम्प्युटरवर आणा." मी तिथल्या तिथे "हो" म्हणून बसले. ही माझी जुनी खोड.

वाळू तेव्हा भाचीच्या लग्नाला गावी निघाला होता, आठ दिवस. मी म्हटलं, तेवढ्यात आपण खोली चकाचक करून टाकू. प्राजक्ता ही नुकतीच कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मुलगी. ती पुस्तकांच्या पाठीवर बारकोडच्या चिकटपट्ट्या लावायला आली, तर दोरे मध्ये मध्ये. "मॅडम, याचं काय करायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "डोंबलाचं करायचंय! आण ती कात्री." दोन दिवस कचाकचा कापत बसलो. पोतंभर दोरे निघाले. झाडायला येणाऱ्या गुड्डीने विचारलं, "बाई, हे मी नेऊ?" मी म्हटलं, "ने बाई, तेवढीच ब्याद गेली."

मग प्राजक्ताने पुस्तकं नेल्याची नोंद असलेलं रजिस्टर मागितलं. उघडलं तर पाच वर्षांत एकतीस नोंदी, आणि एकतीसच्या एकतीस माझ्याच नावावर, माझ्याच अक्षरात. माझं पित्त खवळलं. हा माणूस पाच वर्षं नुसता बसून होता की काय! येऊ दे त्याला, चांगली बिनपाण्याने करते, असं मी प्राजक्ताला दहादा सांगितलं.

वाळू आला तो लग्नाचे लाडू घेऊन. दारातच थांबला. कपाटांकडे बघितलं, मग डबा खाली ठेवून एका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"बाई, दोरे कुठं गेले?"

"कापले. आणि मला दोऱ्यांचं काय सांगतोस? रजिस्टर कोरं का ते सांग आधी!"

तो स्टुलावर बसला. मी उभी असताना वाळू कधी बसत नाही. "तेच रजिष्टर व्हतं, बाई," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. प्रत्येक वाचकाला एक रंग दिलेला. पुस्तक पहिल्यांदा नेलं की त्याच्या रंगाचा दोरा बांधायचा, आणि परत आणलं की दर वेळी त्या दोऱ्याला एक गाठ मारायची. ज्याला त्याला आपला रंग ठाऊक, पण कोणता रंग कोणाचा ही सगळी यादी फक्त वाळूच्या डोक्यात.

"पण का रे बाबा? लिहायला काय झालं होतं?"

"लिहत व्हतो ना, सुरवातीला. तुमाला लखन आठवतो? नंदुरबारचा, गोरा, हसरा? त्यानं कामगार कायद्याचं पुस्तक नेलं. मी रजिष्टरात नाव, गाव, पुस्तक, सगळं नीट लिहलं. ठेकेदाराचा मानूस इथंच पेपर वाचायला यायचा. त्यानं सहज पानं चाळली. आठ दिवसांत लखनला गेटवर अडवला, म्हने कल से नहीं आना. माझ्या अक्षरानं गेली त्याची नोकरी. ते रजिष्टर मी चुलीत घातलं, बाई, आनि तुमाला नवं आनून दिलं."

मला लखन आठवत होता. तो यायचा बंद झाला तेव्हा मी म्हणाले होते, या लोकांना चिकाटी म्हणून नाही. मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की मी ओरडते, म्हणून मी गुड्डीच्या नावाने ओरडत सुटले.

गुड्डी सापडली. तिने दोऱ्यांच्या दोन उशा भरल्या होत्या. "एकदम मऊ झाल्यात, बाई," ती कौतुकाने म्हणाली. माझ्या घरातल्या कापसाच्या दोन चांगल्या उशा देऊन त्या सोडवून आणल्या. गुड्डी अजून म्हणते, सौद्यात बाई फसल्या.

पुढचे चार दिवस मी, वाळू आणि प्राजक्ता गाठी मोजत बसलो. पुस्तकांपासून दोरे तुटले होते, तेव्हा कोणी काय वाचलं हे गेलं ते गेलंच. पण गाठी शाबूत होत्या. प्राजक्ताला भारी मजा वाटत होती. ती म्हणाली, "वाळूकाका, माहितीये का? पूर्वी मागावर नक्षी विणायला भोकं पाडलेले पुठ्ठे लावायचे. त्यावरूनच पुढे कॉम्प्युटरला माहिती द्यायची युक्ती निघाली."

"म्हंजे धागा आधी, कॉम्प्युटर मागून," वाळू म्हणाला. "मंग तोच शिकंल आपल्याकडून." बेरीज आली चार हजार तीनशे सोळा. मी उठून नाचायचीच बाकी होते.

रविवारी सकाळी सभा भरली, त्याच खोलीत. चाळीस-पन्नास माणसं, मागे बायकांची रांग. मोजलेले दोरे पुन्हा भरून आणलेल्या त्या दोन्ही उशा मी टेबलावर आपटल्या आणि रिकाम्या केल्या. प्राजक्ताने आकडा वाचला.

रमाकांत हसला. "छान. पण गाठी काय, रजनीताईंनीही घरी बसून मारल्या असतील."

"माझ्याकडून सुईत दोरा जात नाही, गाठी कसल्या मारते मी!"

"रागावू नका हो. साधी परीक्षा घेऊ." त्याने ढिगात हात घातला आणि एक जांभळा दोरा ओढला. अकरा गाठी होत्या. "वाळू, हा कोणाचा? नाव सांग. खरं निघालं तर टेबल टेनिसचा विषय बंद."

वाळूने दोरा बघितला. त्याला रंग ओळखायला वेळ लागत नाही. पण तो दोरा त्याने परत ढिगात ठेवला.

"नाव ठाऊक नाही का?"

"ठाऊक हाये."

"मग सांग."

"नाही सांगनार, साहेब."

"मग खोली बंद करावी लागेल."

वाळूने सगळ्या कपाटांवरून एकदा नजर फिरवली. "मंग करा बंद. पन नाव नाही मिळनार."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. "अरे मेल्या, एकच तर नाव आहे! सांगून टाक!" लखनचं सगळं ऐकूनसुद्धा मी असं म्हणाले, हेही लिहून ठेवते. वाळूने माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला.

रमाकांत वही मिटायला लागला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "तो दोरा माझा."

वैशाली उभी होती. वैशाली म्हणजे रमाकांतची बायको. सभेत कधी तोंड न उघडणारी.

"घोरण्यावर घरगुती उपाय," ती म्हणाली. "अकरा वेळा नेलं. एक उपाय लागू पडेल तर शपथ. बाराव्यांदा न्यायचंय, तेव्हा खोली बंद करू नका."

खोलीत असा हशा उसळला की बंद पंखासुद्धा हलला असेल. रमाकांत कानापर्यंत लाल. हसू ओसरतंय तोच मागून एक उंच पोरगेला माणूस म्हणाला, "गुलाबी आपला." बायकांच्या रांगेतल्या पुतळाबाई उठल्या, "तो पोपटी माझा हो." मग आकाशी, मग राखाडी, मग कोणी "पिवळा-निळा पिळलेला". कोणी काय वाचलं ते वैशालीखेरीज कोणी सांगितलं नाही, आणि रमाकांतने विचारलंही नाही. टेबल टेनिसचं टेबल आता बाहेर ओट्यावर आहे. रमाकांत बरा खेळतो.

सभा पांगल्यावर मी वाळूला म्हटलं, "चुकलं माझं. कात्रीपण आणि चिमटापण." तो म्हणाला, "चालशे, बाई." म्हणजे चालेल. गुजराती शब्द, पण सिल्वासात तो सगळ्यांचा आहे.

आता नोंदी कॉम्प्युटरवर होतात. प्राजक्ताने वाचकाचं नाव लिहायच्या जागी रंग लिहायची सोय केली आहे. पहिल्या दिवशी वाळू तिच्या शेजारी बसून रंग सांगत होता. मध्येच माझ्याकडे वळला. "बाई, तुमचा रंग कोनता धरू?"

"मला कशाला रंग? माझं नाव चांगलं ठळक लिहिलंय की रजिस्टरात. एकतीस वेळा."

"म्हनून तर इचारतो. एकतीस पुस्तकं नेली तुमी, सगळी भारी भारी. नाव लिहायचं म्हनून नेली. एकबी मनापासून नाही. जे वाचायचं असतं ते तुमी रात्रपाळीच्या कपाटामागं उभ्यानं वाचता, आन कोनी आलं की परत ठेवता. मी बघतो ना पाच वर्सं."

मी उगाच पिशवीतली भाजी सारखी करायला लागले. प्राजक्ता स्क्रीनकडे बघत खालचा ओठ चावत होती.

वाळूने खिशातून केशरी दोऱ्याची गुंडी काढली आणि रात्रपाळीच्या कपाटातून एक बारकं पुस्तक आणलं. दोरा बांधून ते माझ्या हातात दिलं. मी ते पिशवीत, भाजीच्या खाली घातलं आणि घरी नेलं. रात्री नाही, भर दुपारी, पाय पसरून, पंख्याखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. परत केलं तेव्हा त्याने माझ्यासमोर गाठ मारली, आणि मी तेच पुस्तक पुन्हा मागून घेतलं.

कोणतं ते मला विचारू नका. वाळूला विचारा.